‘कोई शक?’ला दिलेलं उत्तर

शनि., १२ जुलै. अकोला

नवीन सी.ओ. (कमांडिंग ऑफिसर) मॅडमनी पहिला हुकूम काढला तो परेडचा नाही, वाचनाचा. दर शनिवारी अकरा ते बारा, कॉन्फरन्स रूम. सुभेदार, नायब सुभेदार, हवालदार, सगळ्यांनी यायचं. फौजेच्या मासिकांमधला एकेक लेख प्रत्येकाच्या हातात. वाचायचा, नंबर येईल तेव्हा पुढं उभं राहून आपल्या शब्दांत सांगायचा. हिंदीत चालेल. शेवटी प्रश्न एकच: याचा आपल्याला उपयोग काय?

बाहेर आल्यावर हवालदार मोरे म्हणाला, "साहेब, वाचाचंच होतं तं मी फौजेत काहून आलो असतो? मास्तर नसतो झालो?"

हसलो. मनात माझ्याही तेच.

माझ्या वाट्याला चार पानं इंग्रजी. मथळ्याचा अर्थ लागला तो असा: खालच्याला जे माहीत असतं ते वर का पोचत नाही. सत्तावीस वर्षं नोकरी झाली. हुकूम वाचले, नियम वाचले, ड्यूटीच्या याद्या वाचल्या. लेख वाच म्हणून आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आणि या कॅडेट बटालियनमध्ये तर आपण पोरांना लेफ्ट-राइट शिकवायला आलेलो. दोन वर्षांत पेन्शन. असो.

सोम., १४ जुलै

पीटीनंतर अर्धा तास. दीड परिच्छेद झाला. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीनं टिंब देतोय. पानाला गोवर आल्यासारखं दिसतंय.

स्नेहाला फोन. (फार्मसीचं शेवटचं वर्ष, पण इंग्रजी आमच्या घरात तिचंच चांगलं.) एक वाक्य वाचून दाखवलं. म्हणाली, "बाबा, तुमी शब्द नका पकडू. कोन कोनाले काय करून राह्यला तेवढं पाहा पहिले."

हे बरं सांगितलं. नकाशा असाच वाचतो की आपण. आधी डोंगर कुठं, पाणी कुठं. नावं नंतर.

शुक्र., १८ जुलै

चारही पानं झाली. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा वेग आला. लेखवाल्याचं म्हणणं: खालचा माणूस गप्प बसतो तो भीतीनं कमी, सवयीनं जास्त. आणि वरच्याला वाटतं, कुणी काही बोललं नाही म्हणजे सगळं ठीक आहे.

एवढ्यासाठी चार पानं कशाला, असं आधी वाटलं. मग बराच वेळ तेच डोक्यात.

रवि., २० जुलै. अमरावती

काल पहिला शनिवार. दोघांनी लेख सांगितले, म्हणजे वाचूनच दाखवले. मॅडमनी विचारलं, "कोई सवाल?" बारा माणसं भिंतीकडं बघत बसली. त्यात मीही. दुपारच्या बसनं घरी.

आज संध्याकाळी विहारात गेलो. वर्षावास सुरू आहे, रोज ग्रंथवाचन असतं. रविवारी नंबर माझ्या बायकोचा, मायाचा. जि.प.च्या शाळेत शिकवते, आवाज खणखणीत. नांदगाव पेठेहून परत यायची बस सुटत असली तर ती ड्रायव्हरला लांबून थांबवू शकते. पान दीड पान झालं असेल, तर कमलाबाई (ऐंशीच्या पुढं, अक्षरओळख नाही) मधेच म्हणाल्या, "थांब वं माया. हे मले नाई पटलं. पुन्ना वाच बरं."

मायानं पुन्हा वाचलं. कमलाबाईंनी त्यांचं म्हणणं सांगितलं. मग त्यावर मागची एक सून बोलली, मग कुणीतरी तिच्या उलट. अर्धा तास त्या एका ओळीवर गेला. कुणाला वाईट वाटलं नाही, कुणी कुणाला गप्प केलं नाही. वाचन तिथंच थांबलं, उरलेलं उद्या.

लहानपणापासून हे बघत आलो. आज पहिल्यांदा नवल वाटलं.

शनि., २६ जुलै. अकोला

आज माझा नंबर. कागद न बघता सांगितलं. विहारातली गोष्टही सांगितली. मॅडम खुर्ची पुढं ओढून ऐकत होत्या. त्या केरळच्या, सिग्नल कोअरमधल्या, कमी बोलतात.

शेवटी म्हणाल्या, "तायडे साब, बहुत बढ़िया. अब अपना कोई उदाहरण? आपने ख़ुद देखा हो?"

मी लंगरच्या, म्हणजे आमच्या भटारखान्याच्या, शेगडीचं सांगितलं. गळती आचाऱ्याला माहीत होती, वर कुणाला सांगितली नव्हती, वगैरे. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत, मान हलवली फक्त.

शेगडीचं खरं आहे. पण विचारल्या विचारल्या डोळ्यांपुढं आलं ते शेगडीचं नव्हतं.

रवि., २७ जुलै

ड्यूटी आहे, घरी गेलो नाही. काल मॅडमना सांगितलं नाही ते इथं लिहून ठेवतो. माझ्यापुरतं.

चौदा वर्षं झाली. मी हवालदार होतो. बर्फातली पोस्ट. शेजारच्या पोस्टवर रेडिओच्या बॅटऱ्या आणि औषधं पोचवायची होती. वाटेत नाला, नाल्याच्या वर उभा उतार. आमचा नियम होता, नाला आठच्या आत ओलांडायचा. ऊन चढलं की वरचं बर्फ सैल होतं. हे कुठल्या पुस्तकातलं नाही. दोन महिने रोज त्या उताराकडं बघून कळलेलं.

त्या दिवशी खालून एक मोठे साहेब भेटीला येणार होते, म्हणून आमचं पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, थांबवून ठेवलं. साहेब आले, हात मिळवले, चहा घेतला, गेले. साडेदहा वाजून गेले. आकाश निळंशार, ऊन डोळ्यांत टोचणारं. कंपनी कमांडर मेजर आर. साहेब फोनवर म्हणाले, "वहाँ की बैटरी आज रात तक नहीं चलेगी. निकलो. कोई शक?"

हुकूम दिला की हे दोन शब्द सगळेच अफसर बोलतात. उत्तरही ठरलेलं.

मी म्हणालो, "नहीं साब."

शक होता. उताराकडं बघतच फोन कानाला धरला होता.

सहा जण एका दोरावर. पुढं मी. माझ्या मागं नायक रामेश्वर. चांदूर बाजारकडचा माळ्याचा पोरगा, मी त्याला हत्यारं शिकवली म्हणून मला उस्ताद म्हणायचा. आपल्याकडचा, म्हणून दोरावर माझ्या मागचीच जागा घ्यायचा. मी नाला ओलांडला. मागून आवाज आला, ट्रकवरून कापसाचा गठ्ठा खाली टाकल्यासारखा. मोठा नाही. वळून बघितलं तर दोर ताठ, थेट बर्फात गेलेला, आणि रामेश्वर कुठंच नाही.

काढलं त्याला. फावड्यानं, हातानं. जिवंत निघाला. उजवा पाय दोन दगडांत अडकलेला होता. पुढं हॉस्पिटलात तो गुडघ्याखाली कापावा लागला. बाकी चौघांना खरचटलंही नाही. रामेश्वरला मेडिकल बोर्डानं अपात्र ठरवून घरी पाठवलं.

चौकशी झाली. मला विचारलं, "कोई वॉर्निंग थी?" मी म्हणालो, "नहीं साब, अचानक आया." खाली सही केली.

दोन वेळा विचारलं, दोन्ही वेळा नाही म्हणालो. पहिल्या वेळी तोंडातून निघून गेलं. दुसऱ्या वेळी विचार करून बोललो.

शनि., ९ ऑगस्ट

मॅडमनी सांगितलं, कमांडची निबंध स्पर्धा आहे. दरवर्षी फक्त अफसर लिहितात. यंदा पहिल्यांदा जेसीओ (म्हणजे आम्ही सुभेदार मंडळी) आणि जवानांनाही खुली, हिंदीतही चालेल. निवडलेले निबंध मासिकात छापणार. शेवटची तारीख ३० सप्टेंबर.

माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तायडे साब, उस दिन आपने जो नहीं बताया, वो लिखिए."

म्हणजे कळलं होतं त्यांना.

शुक्र., १५ ऑगस्ट

झेंडावंदन, कॅडेटची परेड चांगली झाली. दुपारी जेवलो आणि लिहायला बसलो. तीन पानं सलग झाली. मला वाटलं होतं एक ओळही निघणार नाही.

नुसती कथा नको. उपाय पाहिजे. मी सुचवलंय: ‘कोई शक?’ विचारायचंच नाही. त्याला ‘नहीं साब’ शिवाय उत्तर नाही. त्याऐवजी निघण्यापूर्वी विचारायचं, ‘आज क्या बिगड़ सकता है?’ आणि सगळ्यांत कनिष्ठ माणसानं आधी बोलायचं. वरच्यानं शेवटी. एकानंही काही सांगितलं नाही तर निघायचं नाही.

कागदावर सोपं दिसतं. करून बघायला पाहिजे.

बुध., २० ऑगस्ट. सेमाडोह

कॅडेटचा तीन दिवसांचा कॅम्प. आज करून बघितलं. परतीच्या आदल्या दिवशीच्या सभेत मी ड्रायव्हर, आचारी, हवालदार सगळ्यांना गोल उभं केलं आणि विचारलं, उद्या काय बिघडू शकतं? पहिल्यांदा नुसत्या खाकरण्याचे आवाज. मग ड्रायव्हर म्हणाला, मागचं टायर गुळगुळीत झालंय. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मग मोरे म्हणाला, "साहेब, आपुन चार वाजता निंगाचं ठरोलं. वर डोंगरात पानी आलं तं संध्याकाळी नाल्याच्या रपट्यावरून जाता येत नाई. मांगच्या सालीबी असंच झालं होतं."

"मग मागच्या साली सांगितलं नाही?"

"इचारलं कोनी?"

टायर बदललं. चारऐवजी उद्या एकला निघायचं ठरवलं.

गुरु., २१ ऑगस्ट

एकला निघालो. रपट्यावर घोट्याएवढंही पाणी नव्हतं. अंधार पडायच्या आत सगळे घरी. संध्याकाळी तिथं पाणी आलं की नाही, आम्हाला कळलं नाही.

काहीच झालं नाही. हे निबंधात कसं लिहायचं? न झालेल्या गोष्टीचा पुरावा काय देणार? मोरे मात्र खूश आहे. आज मासिक स्वतःहून मागून नेलं. म्हणाला, चित्रं पाहतो.

रवि., २४ ऑगस्ट. अमरावती

मायाला निबंध वाचायला दिला. ती पाटवडीचं पीठ हाटत होती. गॅस बंद केला, हात पुसले, उभ्यानंच वाचला. चष्मा काढून म्हणाली, "हे रामेश्वर भाऊले माहीत हाये?"

"काय?"

"तुमाले माहीत होतं, हे."

मी तिच्या हातातले कागद घेतले.

"चवदा वर्षं तुमी त्यायच्या घरी जाऊन राह्यले. दर वर्षी संत्र्याची पेटी घेऊन येता. अन् त्याले हे छापून आल्यावर कोनाकडून तरी समजंन? नाई जमत. पहिले त्याले सांगा. मंग पाठवा, नाई तं नोका पाठवू."

पीठ तोवर गुठळ्यांचं झालं. तसंच खाल्लं सगळ्यांनी. स्नेहा आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत होती.

रवि., ३१ ऑगस्ट

रामेश्वरकडं गेलो नाही. डोकं दुखतं असं सांगितलं. दुखत नव्हतं.

रवि., ७ सप्टें.

चांदूर बाजारला गेलो. रामेश्वर मळ्यात होता, बांधावर पोतं अंथरून वांगी निवडत बसला होता. नकली पाय काढून बाजूला ठेवलेला. मला बघून घालायला लागला, मी म्हटलं राहू दे.

मी पण निवडायला बसलो. किडकी एकीकडं, चांगली एकीकडं. थोडा वेळ भाव, फवारा, पोरीची बारावी. मग कागद त्याच्या हातात न देता तोंडानंच सांगितलं. फोनपासून सहीपर्यंत.

हात थांबले नाहीत त्याचे. चार-पाच वांगी निवडून झाल्यावर म्हणाला, "तुमाले माहीत होतं?"

"हो."

"निंगाच्या अगुदर?"

"हो."

"म्या काय समजत होतो, उस्ताद... तुमी पुढं चालून राह्यले, म्हून मी बिनघोर होतो. वाटलं, उस्तादनं पाह्यलं असन सगळं."

मान खाली घालून वांगी निवडत राहिलो. मग तो म्हणाला, "अन् म्या तुमाले सांगतलं होतं, थे लिवलं का याच्यात?"

"काय सांगितलं होतं?"

"नाल्याच्या अल्याड. दोर बांधत होतो आपुन. म्या म्हनलं, उस्ताद, पायाखाली बरफ पोकय वाजून राह्यला. तुमी म्हनलं, चूप चाल, उशीर झाला."

मी म्हटलं, नाही, असं काही... आणि थांबलो.

"नाई आठवत?"

"नाही आठवत, रामेश्वर."

"मले आठवते," तो म्हणाला. मोठ्यानं नाही. मग उरलेली वांगी तशीच क्रेटमध्ये ओतली, निवडलेली न निवडलेली सगळी एकत्र.

वहिनींनी चहा दिला. तो प्याला नाही. दर वेळी स्कूटरवर स्टँडपर्यंत सोडायला येतो. आज म्हणाला, "ऑटो भेटन तुमाले फाट्यावर."

मंगळ., ९ सप्टें. अकोला

आठवत नाही. दोर आठवतो. त्याची गाठ आठवते, गाठ मारताना हातमोजा दातात धरला होता तेही आठवतं. रामेश्वरचा चेहरा आठवतो, ओठ फुटलेले. तो बोलतोय असं आठवत नाही.

खोटं तो बोलणार नाही. त्याला मिळवायचं काय त्यातून?

शुक्र., १२ सप्टें.

पूर्ण निबंध पुन्हा वाचला. सगळीकडं मी खालचा आहे. मला माहीत होतं, मी बोललो नाही, वरच्यानं विचारलं ते विचारल्यासारखं नव्हतं. सगळं बरोबर. आणि माझ्या मागं दोन हातांवर एक माणूस उभा होता, त्याच्यासाठी वरचा मी होतो. तो बोलला. मला ऐकूच आलं नाही. किंवा आलं आणि मी टाकून दिलं. इतकं की चौदा वर्षांत एकदाही वर आलं नाही.

निबंध फाडला नाही. ड्रॉवरमध्ये टाकला.

शनि., २० सप्टें.

वाचनाच्या तासानंतर मॅडम थांबल्या. निबंध कुठंय विचारलं. सगळं सांगितलं. चौकशीतल्या सहीचंही सांगितलं, कारण ते लपवून बाकीचं सांगण्यात अर्थ नव्हता.

त्या म्हणाल्या, "चौदह साल हो गए. फिर भी, छपने के बाद कोई पूछ सकता है कि बयान ग़लत क्यों दिया. आपके दो साल बाकी हैं. सोच लीजिए. मैं ज़ोर नहीं दूँगी."

मी म्हटलं, मॅडम, ते सोसेन. पण रामेश्वर जे म्हणतो ते मला आठवतच नाही. आठवत नाही ते कसं लिहू?

"तो यही लिखिए. उसे याद है, मुझे याद नहीं." मग दाराशी जाऊन परत वळल्या. "और जो-जो इसमें हैं, उन सबको पहले पढ़ाइए."

सगळ्यांना म्हणजे आर. साहेबांनाही. ते आता ब्रिगेडियर आहेत.

गुरु., २५ सप्टें.

सकाळी ग्राउंडवर असताना रामेश्वरचा फोन. अठरा दिवसांनी. नमस्कार नाही, काही नाही.

"लिवलं का थे?"

"अजून पाठवलं नाही."

"त्याच्यात माहं काय लिवलं?"

"‘एक जवान’ असं लिहिलंय. तुझं नाव नाही."

"काहून? मी काय चोर हाओ? माहं नाव टाका. रँक टाका. नायक होतो मी. अन् म्या जे म्हनलं थे टाका, जसंच्या तसं. हिंदीत नोका करू त्याले."

म्हटलं, टाकतो.

"तुमाले आठवलं का?"

"नाही."

मागं पाण्याच्या मोटारीचा आवाज. "बरं," म्हणाला आणि ठेवला.

बरं म्हणजे काय ते कळलं नाही. पण फोन त्यानं केला.

रवि., २८ सप्टें. अमरावती

दोन दिवस लिहितोय. आता सहा पानं. हिंदी निबंधात मधेच वऱ्हाडी वाक्य: "उस्ताद, पायाखाली बरफ पोकय वाजून राह्यला." खाली हिंदीत अर्थ: पैरों के नीचे बर्फ़ खोखली बज रही है. स्नेहानं टाइप करून दिलं. टाइप करताना त्या ओळीशी थांबली. म्हणाली, "बाबा, ‘चूप चाल’ पण ठेवायचं?"

"ठेव."

मायानं वाचलं. शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या. निबंधाबद्दल बोलली नाही. रात्रीच्या जेवणाला माझ्या आवडीची कढी केली होती, त्यावरून काय ते समजायचं.

मंगळ., ३० सप्टें. अकोला

पाठवला. मॅडमच्या सहीनं, शेवटच्या दिवशी. रामेश्वरला एक प्रत पोस्टानं. आर. साहेबांना एक, सोबत चार ओळींचं पत्र. पत्ता मॅडमनी काढून दिला. त्या पाकिटावर नाव सगळ्यांत शेवटी लिहिलं. माणूस वाईट नव्हता. बर्फात स्वतःची स्लीपिंग बॅग आजारी शिपायाला देणारा अफसर. खबर मिळताच धावत आले आणि रामेश्वरला काढताना हातमोजे टाकून उकरत होते, बोटं काळी पडली होती त्यांची. हेही निबंधात लिहिलंय.

गुरु., २ ऑक्टो. नागपूर

दसरा. सगळे मिळून आलो. गर्दी, ऊन, निळे झेंडे. पुस्तकांच्या दुकानांसमोर चालायला जागा नव्हती. एका बाईंनी डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवून तीन पुस्तकं घेतली आणि गाठोड्यात अगदी मधोमध बांधली. मोरेसाठी मीही एक घेतलं. चित्रं कमी आहेत त्यात.

शनि., ११ ऑक्टो. अकोला

वाचनाच्या तासाला आज मोरे बोलला. ड्रोनवरचा लेख. "ये मशीन ऊपर से सब देखता है, पर जो नीचे खड़ा है उससे कौन पूछेगा?" असं म्हणाला. मॅडमनी वहीत लिहून घेतलं. मोरे लाजला.

दुपारी अनोळखी नंबर. आर. साहेब. आवाज तोच, थोडा बसलेला. मी फोन कानाला लावून खुर्चीतून उठून उभा राहिलो, सवयीनं.

"तायडे, पढ़ लिया."

"जी साब."

"दो बार पढ़ा. सब सही लिखा है. वो मेहमान वाली बात भी. मैंने उस दिन पेट्रोल रोकने से मना क्यों नहीं किया, वो तुमने नहीं पूछा. पूछना चाहिए था." मग म्हणाले, "एक बात बताओ. तुम बोल देते कि साब, शक है. तो मैं रुकता?"

माझ्या उत्तरासाठी थांबले नाहीत.

"दो दिन से यही सोच रहा हूँ. दिल कहता है, हाँ, रुक जाता. फिर अपने आप को फ़ोन पर सुनता हूँ, तो पता नहीं."

म्हटलं, "साब, मुझे भी पता नहीं. मुझे तो बोला गया था. मैं नहीं रुका."

"हाँ. वो लाइन मैंने बीवी से पढ़वाई, उसे मराठी आती है. अनुवाद नीचे था, फिर भी." मग विचारलं, "रामेश्वर का नंबर दोगे? चौदह साल में एक बार भी बात नहीं की मैंने उससे."

हो म्हणणार होतो. जीभ तिथपर्यंत आली होती. म्हटलं, "साब, पहले उससे पूछना पड़ेगा."

"ठीक है. पूछो," म्हणाले.

ब्रिगेडियरला असं आयुष्यात पहिल्यांदा बोललो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी अजून उभाच आहे.

रवि., १२ ऑक्टो. अमरावती

रामेश्वरला दोनदा फोन केला. उचलला नाही. माया म्हणाली, बिझी असन, दिवाळीचा झेंडू हाये त्याचा. असेल.

निबंधाचं काही कळलेलं नाही. मॅडम म्हणतात, निकाल जानेवारीच्या आधी नाही. कदाचित वरून प्रश्न येतील. आले तर आले.

सोम., १३ ऑक्टो. अकोला

रामेश्वरचा फोन आला. बाजारातून बोलत होता, मागं लिलावाचा गोंधळ. आर. साहेबांचं सांगितलं. त्यांना तुझ्याशी बोलायचंय, नंबर देऊ का?

"काय बोलाचं हाये त्यायले?"

"ते मला माहीत नाही."

"माफी गिफी मांगाची असन तं मले नाई पाहिजे. मी काय करू तिचं?"

"तसं काही म्हणाले नाहीत."

"मंग?"

मी म्हटलं, मला वाटतं त्यांना तुला विचारायचंय. तिथं काय झालं ते. तू काय पाहिलंस ते.

कुणीतरी त्याला भाव ओरडून सांगत होतं, तो त्याला "थांब नं बे जरा" म्हणाला. मग मला म्हणाला, "आत्ता नाई. माल तोडाले हाये पंधरा दिवस. मंग इचार करतो. त्यायले म्हना, मी सांगीन तवा."

"हो म्हणशील का नाही म्हणशील, काय सांगू त्यांना?"

"थेच तं म्हनलं नं उस्ताद. मी सांगीन तवा."

दुपारी आर. साहेबांना फोन लावला. म्हटलं, साब, वो सोच के बताएगा. फूलों का सीज़न है. कब, ये नहीं बोला. आपको रुकना पड़ेगा.

ते म्हणाले, "ठीक है. रुकता हूँ."